सुई स्वस्त झाली. देखरेख कोठे आहे?

वजन उतरविणाऱ्या इंजेक्शनांचा प्रश्न आता मूठभर धनिकांच्या दिवाणखान्यातला राहिलेला नाही. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने भारतीय बाजारात आले, तेव्हा आठवड्यातून एकदा टोचावयाच्या सर्वांत लहान मात्रेच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. म्हणजे महिन्याचा खर्च चौदा हजारांच्या घरात जात होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सेमाग्लुटाइड हे दुसरे औषध ‘वेगोव्ही’ या नावाने आले, आणि तेही मध्यमवर्गाच्या खिशाला परवडण्याजोगे नव्हते. परंतु सेमाग्लुटाइडवरील भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. ती सरली आणि देशी कारखान्यांना वाट मोकळी झाली. याच वर्गातील जुन्या लिराग्लुटाइडचे देशी रूप जानेवारी २०२४ मध्ये निघाले, तेव्हा उपचाराचा खर्च सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरेल असे ते काढणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले होते. तेव्हा या औषधांची वाट कोणत्या दिशेने जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

औषध स्वस्त होणे ही आनंदाची गोष्ट आहे, हे आम्ही प्रथमच स्पष्ट करू इच्छितो. किंमत चढी राहावी म्हणजे दुरुपयोग टळेल, असा युक्तिवाद काही मंडळी करतात. तो आम्हांस मान्य नाही. कारण त्याचा अर्थ एवढाच होतो की, चूक करण्याचा अधिकार श्रीमंतांना आणि बरे होण्याचाही अधिकार श्रीमंतांनाच. आमची चिंता निराळी आहे. औषधाची किंमत उतरते ती कारखान्यांच्या स्पर्धेने. परंतु ते औषध कोणाला द्यावे, किती द्यावे, त्रास झाला तर काय करावे आणि केव्हा थांबवावे हे पाहणारी यंत्रणा कोणत्याही स्पर्धेने आपोआप उभी राहत नाही. सुई गावोगाव पोहोचेल आणि देखरेख मात्र शहराच्या दोन-चार रस्त्यांवरच राहील, हा खरा धोका आहे.

या विषयात आपल्या समाजात दोन गैरसमज जोडीने नांदत आहेत. पहिला असा की, स्थूलपणा म्हणजे निव्वळ जिभेचे पाप. ज्याला तोंड आवरत नाही त्याने इंजेक्शन कशाला घ्यावे? दुसरा असा की, इंजेक्शन म्हणजे लग्नसराईपूर्वी दहा किलो उतरविण्याची सोपी युक्ती. पहिला समज रोग्याला लाजवितो, दुसरा निरोग्याला रोगी करतो. दोन्हींच्या मुळाशी एकच अज्ञान आहे. शरीरातील चरबी ही केवळ दिसण्याची बाब नसून मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, यकृताचे विकार आणि गुडघेदुखी यांच्याशी ती निगडित आहे, हे आपण ध्यानात घेत नाही.

वस्तुतः पुणेकरांस तरी हे सांगावे लागू नये. कारण या विषयातील एक मोलाचा शोध याच शहराशी जोडलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ज्याला डॉक्टर बीएमआय म्हणतात, तो अगदी सारखा म्हणजे २२.३ होता, परंतु यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर दोघे समान, आतून मात्र भिन्न! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषणाच्या अभ्यासातही हेच आढळले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो, पण आपली बालके स्नायूंत जितकी उणी होती तितकी चरबीत नव्हती. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, याचे उत्तर या निरीक्षणांत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटींहून अधिक असल्याचे आणि प्रौढांपैकी ३९.५ टक्क्यांच्या पोटावर जादा चरबी असल्याचे दिसून आले. म्हणूनच आपल्याकडे काट्याइतकीच कमरेची फीतही महत्त्वाची. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे कंबर गेली की सावध व्हावे, असे जाणकार सांगतात.

आता औषधाकडे वळू. जेवणानंतर आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते मेंदूला तृप्तीचा निरोप देते आणि जठर रिकामे होण्याची गती मंदावते. सेमाग्लुटाइड हे त्याचेच टिकाऊ अनुकरण. टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीने आणखी एका संप्रेरकाचे काम करते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले; नुसते खोटे इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. टिर्झेपाटाइडच्या २०२२ च्या चाचणीत मोठ्या मात्रेवर हे प्रमाण २०.९ टक्क्यांपर्यंत गेले. २०२३ मध्ये हृदयविकार असलेल्या सतरा हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींवरील प्रयोगात, सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृदयविकाराने येणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटविले. याला चमत्कार म्हणू नये. परंतु थट्टेवारीही नेऊ नये.

वजन घटविणाऱ्या औषधांचा पूर्वेतिहास मात्र साशंक करणाराच आहे. फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडविते असे आढळल्यावर १९९७ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. मनोविकारांच्या भयाने रिमोनाबंटची युरोपातील विक्री २००८ मध्ये थांबली. हृदयावरील दुष्परिणामांमुळे सिब्युट्रामिन २०१० मध्ये मागे घेतले गेले. आजच्या औषधांची गोष्ट वेगळी आहे. या वर्गातील पहिले औषध मधुमेहासाठी २००५ मध्येच मान्य झाले, आणि तेव्हापासून दोन दशकांचा अनुभव जमा आहे. तथापि तो अनुभव प्रामुख्याने नियमाने तपासल्या जाणाऱ्या रोग्यांचा आहे; दुकानातून परस्पर आणून टोचणाऱ्यांचा नव्हे, हा भेद विसरून चालणार नाही.

प्रारंभाचेच पाहा. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅम, तर टिर्झेपाटाइड २.५ मिलिग्रॅम एवढ्या मात्रेने सुरू करतात आणि निदान चार आठवडे तेथेच थांबतात. ही पहिली मात्रा वजन उतरविण्यासाठी नसून पोटाला सवय लावण्यासाठी असते. महिनाभरात काटा हलला नाही म्हणून उतावीळ माणूस स्वतःच मात्रा दुप्पट करतो आणि मग उलट्यांनी हैराण होतो. येथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: गोळीचा परिणाम काही तासांत ओसरतो, पण सेमाग्लुटाइडची निम्मी मात्रा शरीरातून जाण्यास सुमारे एक आठवडा लागतो. टोचलेले परत काढता येत नाही. म्हणून सावकाशपणा हा या उपचाराचा आत्माच आहे. चुकलेल्या आठवड्याची भरपाई म्हणून दोन मात्रा एकदम घेऊ नयेत. दोन-तीन आठवडे खंड पडला असेल तर पुन्हा कोठून आरंभ करावा हे डॉक्टरांना विचारावे. पोट, मांडी किंवा दंड यांतील जागा आलटूनपालटून निवडावी, आणि एकाचे पेन दुसऱ्याने, मग तो सख्खा भाऊ का असेना, कदापि वापरू नये.

दुष्परिणामांविषयी आपल्याकडे एक तर मौन असते नाही तर अफवा. उपरोल्लेखित २०२१ च्या चाचणीत औषध घेणाऱ्या शंभरांपैकी ४४ जणांना मळमळ, सुमारे ३१ जणांना जुलाब, २५ जणांना उलट्या आणि २३ जणांना बद्धकोष्ठता झाली. परंतु पोटाच्या या तक्रारींपायी औषध सोडणारे शंभरांत चार-पाचच निघाले. म्हणजे त्रास पुष्कळांना होतो, बहुतेकांचा तो सौम्य असतो, आणि मात्रा वाढविण्याच्या दिवसांत तो विशेष जाणवतो. त्यावरचे उपाय आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत. ताट लहान करावे, सावकाश जेवावे, पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात धुवावा. वडे, भजी, तेलाचा तवंग असलेली रस्साभाजी आणि साजूक तुपातले पक्वान्न काही आठवडे बाजूस ठेवावे. मुगाची मऊ खिचडी, ताकभात, वरण, दही हे सोसते. जेवताक्षणी आडवे होऊ नये. पाणी एकदम न पिता दिवसभर थोडे थोडे प्यावे. उलट्या-जुलाब झाल्यास मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. बद्धकोष्ठतेसाठी भाज्या, फळे, पाणी आणि चालणे. तेवढ्याने न भागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध.

दोन गोष्टी खास आपल्या संस्कृतीशी निगडित आहेत. पहिली आग्रहाची. पाहुण्याच्या पानात न विचारता तिसरी पुरणपोळी टाकणे हे आपल्या घरांत प्रेमाचे लक्षण समजतात. पण ज्याचे जठर औषधाने संथ झाले आहे, त्याला तो आग्रह रात्रभर जागवील. ‘नको’ या शब्दाचा मान राखण्यास यजमानीणबाईंनी आता शिकले पाहिजे. दुसरी उपवासाची. जो मधुमेही इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरविणाऱ्या काही जुन्या गोळ्या घेतो, त्याने हे इंजेक्शन सुरू करून वर संकष्टीचा कडक उपवास केला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अशा रोग्याच्या जुन्या औषधांची मात्रा आधीच कमी करावी लागते, आणि ती कोणी करावयाची हे उघड आहे.

काही लक्षणांत मात्र घरगुती उपायांत वेळ दवडू नये. पोटात तीव्र, न थांबणारी आणि पाठीकडे जाणारी कळ हे स्वादुपिंडाच्या दाहाचे चिन्ह असू शकते. उजव्या बरगडीखालची कळ, ताप आणि डोळ्यांची पिवळसर झाक पित्ताशयातील खड्यांकडे बोट दाखविते. पाणीही पोटात न ठरणे आणि लघवी कमी होणे यांत मूत्रपिंडाला धोका असतो. दृष्टी अचानक मंदावली तर त्याच दिवशी डोळे तपासावेत. डोळ्याच्या मज्जातंतूच्या एका अति विरळ विकाराची नोंद युरोपच्या औषध यंत्रणेने जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडच्या संदर्भात घेतली आहे. स्वतःला वा घराण्यात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झालेल्यांस ही औषधे वर्ज्य. गरोदर स्त्रियांनी ती घेऊ नयेत, आणि मूल हवे असल्यास सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावे. टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर व प्रत्येक वेळी मात्रा वाढविल्यावर चार आठवडे संततिप्रतिबंधक गोळीवर विसंबू नये. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञास या इंजेक्शनाची माहिती देणे तर अत्यावश्यक, कारण नेहमीइतके उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते.

आता सुज्ञ वाचकांनी आमच्याबरोबर शहराबाहेर यावे. पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूरकडे वळून वेल्ह्याच्या वाटेला लागले की मार्गासनी लागते. राजगडावर जाणारे येथूनच साखर-गुंजवण्याकडे वळतात. ज्या वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, त्यातले हे गाव. भाताची खाचरे, पावसाळ्यातील झड, डोंगरांची चढउतार हेच या मुलखाचे जीवन. येथे वजन उतरविण्याच्या इंजेक्शनाचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे, आणि ते तीन वाटांनी येते. या खोऱ्यातील कित्येक घरांतील तरुण पुण्यात नोकरीस आहेत. शहरातील बैठे काम आणि शहरातले खाणे त्यांच्या कमरेस जडले आहे. यांतील कोणी पुण्यात इंजेक्शन सुरू करील आणि भातलावणीसाठी, देवकार्यासाठी पेन घेऊन गावी जाईल. मळमळ काही दवाखान्याच्या वेळा पाहून येत नाही. ती रात्री, मुसळधार पावसात, गावच्या घरी येईल. दुसरी वाट आईवडिलांची. आयुष्यभर शेतात राबलेल्या, अंगाने किडकिडीत अशा वडिलांना मधुमेह निघतो. मुलगा प्रेमापोटी आपलेच औषध त्यांनाही देऊ करतो. ज्यांच्या अंगावर मुळातच मांस कमी, त्यांची भूक मारणे म्हणजे उपचार नव्हे, अपाय होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या, हे खरे, पण १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आढळल्या, हेही तितकेच खरे. दोघींना एकाच देशात, बहुधा एकाच तालुक्यात, राहावयाचे आहे.

तिसरी वाट शहरवासीयांची. सुटीच्या दिवशी मार्गासनीवरून राजगडाकडे जाणाऱ्यांत या इंजेक्शनावर असलेले लोकही असणार. औषधाने तहानभूक मंदावलेला माणूस सकाळी नीट न खाता-पिता चोरदिंडीची खडी वाट चढू लागला, तर ऊन आणि घाम त्याला अर्ध्या वाटेत बसवतील. व्यायाम अवश्य करावा. पण मात्रा वाढविल्याच्या आठवड्यात गड चढू नये, आणि चढताना तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे.

मार्गासनीचे नाव आम्ही घेतले ते या गावाची उणीव दाखविण्यासाठी नव्हे. महाराष्ट्रातील अशा हजारो गावांत प्रश्न एकच आहे: औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, आणि वीज तर पावसाबरोबर जाते, औषध लिहून देणारा तज्ज्ञ जिल्ह्याच्या शहरात, आणि त्रास सोसणारा घाटाखाली. सुरू केलेली पेने ठराविक दिवस बाहेर ठेवता येतात, पण किती दिवस ते प्रत्येक औषधाचे निराळे, आणि ती माहिती इंग्रजी पत्रकाच्या बारीक अक्षरांत.

शिवाय हा उपचार दोन महिन्यांचा नाही, हेही कोणी स्पष्टपणे सांगत नाही. सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचे अभ्यासात आढळले आहे. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. ज्या समाजात बालके जन्मतःच स्नायूंत उणी, तेथे तर डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांतून प्रथिने आणि नित्य वजन उचलण्याचा व्यायाम यांस पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये या औषधांविषयी प्रथमच मार्गदर्शन केले, तेही दीर्घकालीन उपचार म्हणून, आहार-व्यायामाच्या निकट मार्गदर्शनासह आणि अटी घालूनच. लग्नाच्या मुहूर्तापुरते इंजेक्शन घेणाऱ्याने हे नीट वाचावे.

तेव्हा करावयाचे काय? अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून होणारी विक्री कठोरपणे थांबवावी. सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानांतून वा व्यायामशाळांतून हे औषध मिळू लागले, तर त्याला गुन्हाच मानावे. प्रत्येक पेनाबरोबर ठळक अक्षरांतील मराठी पत्रक सक्तीचे असावे. रक्तदाब व साखर तपासण्याची सोय ज्या प्राथमिक केंद्रांत व आरोग्य मंदिरांत आहे, तेथील कर्मचाऱ्यांस धोक्याची पाच-सात लक्षणे ओळखण्याचे शिक्षण द्यावे. यास कोट्यवधींचा खर्च लागत नाही. दुष्परिणाम आढळल्यास रोग्याला स्वतःही औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर कळविता येते, हे औषधाच्या दुकानांत फलकावर लिहावे. आणि सरकारी रुग्णालयांत हे औषध आणावयाचे झाल्यास ते प्रथम त्यांना मिळावे, ज्यांचे हृदय आणि मूत्रपिंड वजनाच्या व मधुमेहाच्या भाराने झिजत आहे. केवळ आरशापुढे उभे राहणाऱ्यांचा क्रम त्यानंतरचा.

वैद्यकशास्त्राने आपले काम केले. पेटंटची मुदत संपून कायद्यानेही आपले काम केले. आता काम उरले आहे ते डॉक्टरांचे, शासनाचे आणि आपणा सर्वांचे. ज्याला औषधाची गरज आहे त्याने लाज बाळगू नये, ज्याला नाही त्याने हौस बाळगू नये. आणि शासनाने हे पक्के ध्यानी घ्यावे की, जी सुई मार्गासनीच्या घरापर्यंत पोहोचू शकते, तिच्याबरोबर तिची देखरेख करणारा माणूसही त्याच घरापर्यंत पोहोचला पाहिजे.